शेवग्याच्या पाल्याचं सार

माझ्या दाजींसारखा बढाईखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोर्टात सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं हे मत आहे, तेव्हा त्याला काहीतरी वजन असावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, दैवशाला अक्काचे मालक. नाव धनाजी. येरमाळ्याच्या अलीकडं हायवेला लागून त्यांची वस्ती आहे. त्यांचे वडील धुळाप्पा जन्मभर मेंढरांमागं फिरले. दाजींना मेंढरं आवडली नाहीत. ते आधी ढाब्यावर रस्सा करायला लागले, मग पुण्याच्या एका हॉटेलात, आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीनं थेट मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेले. ज्या घरात तलावापेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलं नव्हतं, त्या घरातला माणूस वर्षातले नऊ महिने समुद्रावर राहू लागला. मग तो बढाई मारणार नाही तर काय करणार!

पण मला सांगायचंय ते अक्काचं. दाजींना बाजूला ठेवून ते सांगता येत नाही, म्हणून आधी त्यांचं नाव काढलं.

अक्काला कोंबडी फार प्रिय. लहानपणी घरात कोंबडी शिजली की कलेजी-पेटा कुणाच्या ताटात पडणार यावरून आमची मारामारी व्हायची आणि दर वेळी तीच जिंकायची, कारण ती चावायची. लग्नानंतर तिच्या हातचा रस्सा भावकीत नावाजला. सुकं खोबरं चुलीत भाजायचं, काळं तिखट सढळ हातानं घालायचं आणि शेवटी दाटपणासाठी आमच्याकडची येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, लावायची. तो रस्सा खाणारा माणूस एका हातानं कपाळ पुसायचा आणि दुसऱ्या हातानं भाकरी मागायचा. सगळ्यांना वाढून झालं की अक्का चुलीपुढं बसून पातेल्यातच भाकरी कुस्करायची. त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला आवडायचं नाही.

दाजींच्या जहाजावर बावीस माणसं होती, त्यातली पंधरा फिलिपिन्सची. त्या लोकांना दोन्ही वेळा भात लागतो आणि भाताबरोबर घरची चव लागते. रोमुलो नावाच्या एका म्हाताऱ्या खलाशानं दाजींना ती चव शिकवली, आणि सुट्टीवर आले की दाजी ती आमच्यावर चालवून बघायचे. सुट्टीतला पहिला रविवार अदोबोचा. कोंबडीचे तुकडे व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, अख्खे मिरे आणि तमालपत्रात मुरवायचे आणि त्यातच आटवायचे. हळद नाही, तिखट नाही. धाराशिवात चायनीजच्या गाड्यांना माल पुरवणारं एक दुकान आहे, तिथून बाटल्या नेऊन द्यायचं काम माझ्याकडं. कोंबडी काळपट, आंबट-खारट व्हायची. दाजींच्या चुलत्यांनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवून विचारलं होतं, ‘धनाजी, ह्ये कालवण हाय का लोणचं?’ गवती चहा लावून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी मात्र कुणी उरू द्यायचं नाही. एकदा दाजींनी माशाच्या पाण्याची बाटली आणली. फिलिपिन्समध्ये म्हणे ते मिठाच्या जागी वापरतात. अक्कानं बूच काढून वास घेतला आणि बाटली सरळ उकिरड्यावर रिकामी केली. वस्तीवरची मांजरं तीन दिवस तिथून हलली नाहीत.

अक्का नावं ठेवायची आणि खायची. ‘तुमच्या त्या रोमुलोला म्हनावं, येकदा येसर घालून बघ,’ म्हणायची आणि पातेल्यातला पेटा नेमका उचलायची. दाजी रागावल्यासारखं करायचे. दोघांचं बरं चाललं होतं.

मग कोरोनाचं साल आलं. दाजी मे महिन्यात घरी यायचे होते, पण कुठलंच बंदर माणसं उतरवून घेईना. जहाज आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी अडकून पडलं. जहाजावर तापाची साथ आली आणि त्यात एक माणूस गेला. दाजींनी फोनवर एवढं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, ‘मला बी कालपास्नं कणकण हाय.’ त्यानंतर अकरा दिवस फोन नाही.

बाराव्या दिवशी पहाटे अक्काचा मला फोन आला. ‘शंकर, गाडी घिऊन ये. येडाईला जायाचंय.’ मी म्हणालो, देऊळ बंद आहे, रस्त्यावर पोलीस आहेत. ती म्हणाली, ‘तुला ये म्हनलं. देऊळ उघडाय सांगितलं न्हाय.’ मी शेताशेतातून गाडी घातली. येडेश्वरीच्या डोंगराच्या पायथ्याला कुणी चिटपाखरू नव्हतं. पायऱ्यांना आडवे बांबू बांधलेले. अक्कानं चप्पल काढली, वर बघून हात जोडले आणि मोठ्यानं बोलली, जणू देवीला ऐकायला कमी येतं. ‘आई, त्येंना धडधाकट घरी आण. म्या वशाट सोडलं. मरूस्तवर तोंडाला लावणार न्हाय.’

वशाट म्हणजे सगळा मांसाहार, अंडंसुद्धा. देवाला काही सोडायचं तर आवडीचंच सोडायचं असतं, नावडतं सोडून काय उपयोग? हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. परतताना ती म्हणाली, ‘ह्यांना सांगायचं न्हाय. सांगितलं तर लाडीगोडी लावून मला खायला घालतील आन् माझा नवस मोडतील. तुला माझ्या गळ्याची आण.’ मी ‘बरं’ म्हणालो. बहिणीला बरं म्हणायला माझं काय जात होतं?

दुसऱ्याच दिवशी दाजींचा फोन आला. ताप उतरला होता. दाजी म्हणतात, नेटवर्क आलं म्हणून फोन लागला. अक्का म्हणायची, तिला ठाऊक आहे का लागला.

ते घरी आले ते पुढच्या फेब्रुवारीत, सतरा महिन्यांनी. पहिल्या रविवारी अदोबो झाला. सगळे जेवायला बसले आणि अक्कानं स्वतःच्या ताटात भाकरी आणि ठेचा घेतला. दाजींनी विचारलं, ‘का गं?’ ती म्हणाली, ‘पित्त हुतंय.’ पुढच्या रविवारीही पित्त, त्याच्या पुढच्याही. टाळेबंदीत कोंबडीनं रोग होतो अशी आवई उठली होती, घरात महिनोन्महिने वशाट काही शिजलंच नव्हतं, त्यामुळं अक्कानं कधी सोडलं हे त्यांच्या पोरीच्या, समृद्धीच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांना दिसलं ते एवढंच की बाप परत आला आणि आईनं त्याच्या हातचं खायचं बंद केलं. अक्का घरच्यांसाठी रस्सा करायची, पण मीठ चाखायला समृद्धीला हाक मारायची.

दाजींना हे लागलं. दरवर्षी सुट्टीत एकदा तरी ते मला बाजूला घेऊन विचारायचे. ‘पाव्हणं, जगातली मानसं माझ्या हातचं खाऊन ताट चाटत्यात. हिलाच का नको? माझ्या हाताला काय लागलंय?’ मी म्हणायचो, बायकांचं कुणी सांगावं. घरी आलो की मला स्वतःची चीड यायची. एक वाक्य बोललो असतो तर माणसाचा जीव थंड झाला असता. पण आण घातली होती.

गेल्या वर्षी, होळीच्या सुमारास, अक्काच्या पोटात गाठ निघाली. दाजी तेव्हा घरीच होते, जहाजाचा करार त्यांनी पुढं ढकलला. बार्शीला उपचार सुरू झाले. दोन डोस झाल्यावर अक्काचे केस गेले, तोंडाची चव गेली, वास तर उलटेच यायला लागले. भाताला म्हणे लोखंडाचा वास येतो. वरणाला रॉकेलचा. पाण्याचा घोटसुद्धा ती तोंड वाकडं करून घ्यायची. पासष्ट किलोची बाई एकोणचाळीसवर आली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वजन वाढलं नाही तर पुढचा डोस देता येणार नाही, शरीर सोसणार नाही. ‘अंडी द्या, चिकन सूप द्या.’ अक्का म्हणाली, ‘त्येवढं सोडून काय बी सांगा.’ डॉक्टरांनी पावडरीचा डबा दिला. ती पावडर तिनं तीन दिवस ओकून काढली.

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी मी समृद्धीला घेऊन वस्तीवर गेलो. ती कॉलेजला माझ्याकडं राहते. पाहतो तर अक्का पलंगावर उशीला टेकून बसलेली आणि हातातल्या वाटीतून काहीतरी पितेय. स्वच्छ पाण्यासारखं सार, वर हिरवी पानं. ‘बस शंकर,’ ती म्हणाली. ‘ह्यांनी शेवग्याच्या पाल्याचं सार केलंय. आल्याचं लई झकास लागतंय. लगन झाल्यापास्नं पयल्यांदा ह्यांच्या हाताला चव आलीया बग.’

माझा आनंद काय सांगू! दाजींना शाबासकी द्यायला मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. ते गॅसवर पातेलं ढवळत होते. पातेल्यात आल्याचे काप होते, कच्च्या पपईच्या फोडी होत्या, शेवग्याचा पाला होता आणि कोंबडी होती. अख्खी गावरान कोंबडी, तुकडे करून.

‘तिनोला म्हनत्यात ह्येला,’ दाजी हळूच म्हणाले आणि डोळा मारला. ‘तिकडं आजाऱ्याला, बाळंतिणीला ह्येच देत्यात. न्हायतर कोंबडी घातल्याली तांदळाची पेज. रोमुलोच्या आईनं रोमुलोला ह्येच्यावर वाढीवला. गाळून देतो तिला, निस्तं पानी आन् पाला. वास कळत न्हाय तिला. बोलू नका. आठ दिसात किलोभर वाढलीया!’

कोर्टात रोज मी दोन बाजू ऐकतो आणि लिहून घेतो, कुणाचं बरोबर ते मला ठरवावं लागत नाही. इथं माझ्याशिवाय दोन्ही बाजू कुणालाच ठाऊक नव्हत्या. दाजींना नवस सांगावा, तर ते पातेलं उतरवतील आणि अक्का उपाशी मरेल. अक्काला कोंबडी सांगावी, तर वाटी फेकेल आणि तरीही मरेल. मी पातेल्यातली वाफ बघत राहिलो. मग म्हणालो, ‘बेस हाय दाजी. चालू द्या.’

घाबरून बोललो नाही मी, चांगला विचार करून बोललो. बहीण जगावी एवढंच मला पाहिजे होतं. देवीशी काय ते नंतर बघून घेऊ असं मनात म्हटलं.

त्यानंतर सव्वा महिना सार चाललं. दाजी रोज सकाळी पाला तोडायचे, वस्तीवरच्या पपईची कच्ची फळं उतरवायचे. कोंबड्या संपल्या तशा शेजारच्या वस्तीवरून आणल्या. अक्का दोन्ही वेळा वाटी मागून घ्यायची. तिच्या गालावर जरा मांस दिसायला लागलं. ती हसून म्हणायची, ‘जहाजावर जाऊन येवढं तरी शिकले.’ दाजींचं मात्र तोंड खाजायला लागलं होतं. पाच वर्षं जिनं त्यांच्या हातची कोंबडी नाकारली, तीच ती दिवसातून दोनदा मिटक्या मारत पीत होती आणि हे कुणाला सांगता येत नव्हतं. एवढी मोठी बढाई पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं बार्शीला गेलो. अक्का काट्यावर उभी राहिली. साडेएक्केचाळीस. डॉक्टर तरुण होते, मनापासून खूश झाले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि दाजींना विचारलं, ‘कमाल आहे! असं काय खायला घातलंत यांना?’

मी दाजींच्या पायावर पाय दिला. त्यांना तो कळलासुद्धा नाही.

‘चिकन सर,’ दाजी म्हणाले. छाती दोन इंच पुढं आली होती. ‘तिनोला. गाळून देतो. शेवग्याचं सार म्हून पाजतो हिला, हिला पत्ताच न्हाय! मी शिपवर कुक हाय, सर. फिलिपिनो डिश हाय ही. समदी मिळून अकरा कोंबड्या गेल्या हिच्या पोटात!’

डॉक्टर मोठ्यानं हसले. नर्सही हसली. दाजी अक्काकडं बघून हसत होते, आता तीही हसेल, लटकं रागावेल, म्हणेल की तुमचं नेहमीचंच. अक्का दाजींकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती त्यांच्याकडं आपलं माणूस रस्त्याच्या मधोमध उभं दिसावं आणि समोरून ट्रक यावा तशी बघत होती.

घरी आल्यावर तिनं दाजींना औषधं आणायला येरमाळ्यात पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

‘तुला कवापास्नं ठावं हुतं?’

‘सव्वा महिना झाला.’

‘आन् गप बसलास.’

‘तू जगावीस म्हणून अक्का.’

‘माझं जगणं कुणी मागितलं हुतं, शंकर? म्या त्येंचं मागितलं हुतं.’

मग तिनं विचारलं, ‘त्ये चालत गेले का गाडीवर?’ मी म्हणालो, गाडीवर. ‘फोन लाव त्येंला. हळू या म्हन.’

त्या दिवसापासून ती दाजींच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. त्यात काय असेल, कुणी सांगावं! समृद्धी कॉलेज सोडून येऊन राहिली. तिनं केलेली पेज अक्का दोन चमचे घ्यायची आणि ओकायची. दाजींना वाटलं, फसवलं म्हणून रुसली. ते पाया पडले, कान धरले. तिचा रुसवा नव्हताच. ती त्यांच्यावर नजर ठेवून असायची. ते खोकले की उठून बसायची. शेतात गेले की दहा मिनिटांनी फोन. विजेच्या मोटारीला हात लावू द्यायची नाही. एकदा त्यांच्या बोटाला विळी लागली, रक्ताचे चार थेंब पडले, तर अक्का असा हंबरडा फोडून रडली की शेजारच्या वस्तीवरची माणसं धावत आली. ती मनाशी एकच गोष्ट धरून बसली होती. नवस मोडला, तोही एकदा नाही, दीड महिना दिवसातून दोनदा. आता देवी दिलेलं परत नेणार.

मग मी आण मोडली. शेडमध्ये बसवून दाजींना सगळं सांगितलं. बंद देवळापुढचं, वशाट सोडल्याचं, पित्ताचं. ते आधी हसले. ‘माझ्यासाठी?’ म्हणाले. ‘माझ्यासाठी कलेजी-पेटा सोडला हिनं?’ मग त्यांना सगळे रविवार आठवत गेले असावेत. ठेच्याचं ताट, मिठाला पोरीला हाक मारणं, स्वतःचं रुसणं. त्यांनी शेडच्या खांबाला डोकं लावलं.

त्याच दुपारी ते अनवाणी येडाईला गेले. पुजाऱ्यांनी सांगितलं की आई लेकरांवर असा राग धरत नाही, नकळत घडलंय, बाईंना घेऊन या, ओटी भरा, देवीपुढं बोला, नवस मोकळा होईल. दाजी धावतच घरी आले. गाडी सांगितली, खण-नारळ आणला. अक्का उठेना.

‘तिथं जाऊन काय सांगू?’ ती म्हणाली. ‘देवीला वाहिल्याली वस्तू माघारी दे म्हनू? मला गोड लागलं, म्या वाटी मागून पिली. त्ये नकळत कसं?’

‘अगं, मी तुज्यापुढं उभा हाय! धडधाकट हाय!’

‘आज हाय,’ अक्का म्हणाली.

पुढचा डोस झालाच नाही. वजन सदतीसवर आलं, मग मोजायचं आम्ही सोडून दिलं. मी रजा काढून जायचो, पलंगापाशी बसायचो. तिला माझ्यावर राग नव्हता, हेच मला सोसायचं नाही. ती मला म्हणायची, ‘शंकर, मी गेल्यावर त्येंला जहाजावर जाऊ दिऊ नको.’ तिचं सगळं बोलणं त्यांच्याबद्दलच. ते जेवले का, छातीत दुखत नाही ना, पायाला काय लागलंय. कार्तिकात, सकाळी नऊच्या सुमारास ती गेली. दाजी तिचा हात धरून होते. तिनं डोळे उघडून त्यांना आधी नखशिखान्त पाहिलं, कुठं काही झालंय का ते, आणि मग मिटले.

दिवसकार्य झाल्यावर दाजींनी मला विचारलं, ‘पाव्हणं, तुमी मला आधी का सांगितलं न्हाय? पातेलं चढवायच्या आधी?’

मी म्हणालो, ‘सांगितलं असतं तर ती जूनमध्येच गेली असती, दाजी. चार-पाच महिने मिळाले.’

‘जूनमदी गेली असती,’ ते म्हणाले, ‘पर निवांत गेली असती. मी सुखरूप हाय म्हून गेली असती. भीत भीत गेली ती.’

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही. स्वतःलाही त्यात धरूनच म्हटलं. मी गप्प बसलो नसतो तर! ते डॉक्टरांपुढं बोलले नसते तर! दोघांनी मिळून तिला जगवायला गेलो आणि तिचं मरणसुद्धा नासवलं.

अक्काला जाऊन आता वर्ष झालं. दाजी जहाजावर गेले नाहीत. कंपनीचे तीनदा फोन आले, त्यांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं. वस्तीवर त्यांची चेष्टा होते. शंभर पावलांवर दूध घालायला जातानाही गाडीवर हेल्मेट. विहिरीच्या कडेला जात नाहीत. पडसं झालं तरी दवाखाना, दर पंधरवड्याला रक्तदाब, मध्ये तर काही कारण नसताना छातीचा आलेख काढून आले. त्यांचा चुलत भाऊ माझ्यासमोर म्हणाला, ‘बायकू मेली आन् गड्याला मरणाची धास्ती बसली.’ मी वरवर त्याला झापलं, पण खरं सांगायचं तर मलाही दाजींचाच राग आला. माझी बहीण गेली आणि हा माणूस जिवाला एवढा कुरवाळतोय! ती ज्याच्यापायी भीत भीत मेली, त्यानं तरी एवढं भिऊ नये.

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा ते एकटेच जेवायला बसले होते. ताटात भात, दोन उकडलेली अंडी आणि मोठी वाटीभर तिनोला. घास मोजून घेतल्यासारखे घेत होते आणि मधूनमधून घड्याळ बघत होते. चघळणं, गिळणं, पुन्हा घास. ते पाहून माझा तोल गेला.

‘दाजी,’ मी म्हणालो, ‘कोंबडी बरी उतरती घशाखाली! येवढं काय जपताय जिवाला? ती तर गेली.’

ते चिडले नाहीत. हातातला घास त्यांनी आधी खाऊन संपवला.

‘गोड लागतं म्हून खातो व्हय मी?’ ते म्हणाले. ‘घास फिरतोय तोंडात. पर मला काय हून चालत न्हाय, पाव्हणं. उद्या मी मेलो, गाडीखाली आलो, तर तिचं खरं ठरंल. तिनं पिलं म्हून मी गेलो, आसं हुईल. तिच्या माथ्यावर त्ये नको मला. तिला खोटं पाडायचंय मला.’

मी खाली बसलो.

‘परवा डाक्टर म्हनला,’ दाजी म्हणाले, ‘तब्बेत बैलावानी हाय तुमची. नीट ऱ्हायला तर आजून तीस वर्सं कुठं जात न्हाय.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात कसलीच बढाई नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. ‘तीस वर्सं, पाव्हणं.’

आणि त्यांनी वाटी उचलली, डोळे मिटले आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन टाकलं.